ढोल आधी, ताशा मागाहून

गणपतीत आमच्या बोळात पथकाचा ढोल आधी येतो आणि ताशा मागाहून. वाजत दोन्ही एकदमच असतात. पण पथक लक्ष्मी रस्त्यावर असेपर्यंत नारायण पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात नुसतंच धम्म, धम्म पोचतं, फळीवरचे स्टीलचे डबे किणकिणायला लागतात, आणि वळण घेऊन पथक बोळाच्या तोंडाशी आलं की ताशाची तर्री एकदम अंगावर येते. पेठेत वाढलेल्या कुणाला यात नवल वाटत नाही. मला वाटायला लागलं ते आईच्या कानांमुळे, आणि तेही बरंच उशिरा. पण आधी ढोलाचं सांगते, आईकडे मग येते.

ध्वनी म्हणजे दाबाची ये-जा. टिपरू ढोलाच्या पानावर पडलं की ते कातडं थरथरतं, त्याच्यासमोरची हवा दाबली जाते, ती पुढच्या हवेला दाबते आणि स्वतः जागेवर परत जाते. हवा काही अलका चौकातून आमच्या घरी येत नाही, धक्का तेवढा येतो. वीस अंश तापमानाच्या हवेत तो सेकंदाला ३४३ मीटर पळतो, मग ढोलाचा असो की ताशाचा. वेगळी असते ती लहरीची लांबी. ढोलाच्या जड बाजूचा दणका सेकंदाला शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी कंपनांचा. शंभर धरली तर एक लहर साडेतीन मीटरच्या जवळपास जाते. आमचा बोळसुद्धा तेवढा रुंद नाही! अशी लहर इमारतीच्या कोपऱ्याला अडत नाही, वळसा घालून येते, आणि भिंतीतूनही बरीचशी आत शिरते. ताशाचा चरचरीत भाग हजारो कंपनांचा. ३००० हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ११ सेंटिमीटर. तिला मात्र वाड्याचा कोपरा अडवतो, त्याच्यामागे आवाजाची सावली पडते आणि आम्ही त्या सावलीत पोळ्या लाटत असतो. त्यात पल्ला लांबचा असला तर वाटेतली हवाही वरचे सूरच जास्त खाते. नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की दूरच्या घरांत फक्त धमधमाट का जातो, याचंही उत्तर हेच.

माझा भाचा एका पथकात ढोल वाजवतो. तो म्हणतो, "मावशी, शेवटच्या रांगेत नुसतं कानावर गेलास की घसरलास." मला ती वादकांची फुशारकी वाटली होती, पण हिशेब मांडल्यावर पटलं. पुढच्या ताशापासून शेवटचा ढोल ३४ मीटर मागे असेल तर आवाज तिथे पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. द्रुत ठेक्यात दोन ठोक्यांमधलं अंतर पाव सेकंद असतं. म्हणजे शेवटच्या रांगेने ऐकून वाजवलं तर ठोका जवळजवळ अर्ध्या वाटेवर जाऊन पडणार, आणि त्यांचा आवाज पुढे परत पोचेपर्यंत आणखी तेवढाच उशीर. म्हणून ताशे मध्ये घेतात, म्हणून हाताने खुणा करतात, म्हणून मागचा पुढच्याच्या टिपरूकडे बघत वाजवतो. प्रकाशाला उशीर होत नाही.

त्याच भाच्याला मी विचारलं, शंभर ढोल लावता कशाला? तो म्हणाला, "मोठं वाटायला पाहिजे ना!" इथेच खरी गंमत आहे, आणि खरा धोकाही. एका ढोलाच्या जागी दहा आले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, डेसिबलच्या मोजपट्टीवर दहा वाढतात, पण कानाला तो आवाज साधारण दुप्पटच वाटतो. शंभर ढोल केले की वीस डेसिबल वाढतात, आणि कानाला वाटतो चौपट. कानाची रचनाच अशी आहे, कारण त्याला फार मोठा पसारा सांभाळायचा असतो. निरोगी तरुण कानाला ऐकू येणारा अगदी बारीक आवाज आणि कान दुखायला लावणारा आवाज, यांच्या तीव्रतेत लाख कोटी पटींचा फरक असतो. त्या बारीक आवाजात हवेच्या दाबातला बदल वातावरणाच्या दाबाच्या पाच अब्जाव्या भागाएवढा, आणि कानाचा पडदा हलतो तो हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी. एवढं नाजूक यंत्र घेऊन आपण विसर्जनाच्या दिवशी बेलबाग चौकात उभे राहतो.

कानाला चौपट वाटलं तरी आतल्या पेशींवर ऊर्जा शंभरपटच आदळते. आपल्याला जे जाणवतं त्यावरून कानाला काय सोसावं लागलं, हे ओळखता येत नाही. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या संस्थेची शिफारस अशी, की ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. ताशाच्या शेजारी आकडा शंभरापुढे सहज जातो, आणि मिरवणूक काही पंधरा मिनिटांत संपत नाही. कानात एक इवलासा स्नायू आहे, मोठा आवाज आला की तो रिकिबीचं हाड ताणून धरतो. पण तो जागा व्हायला सेकंदाचा दहावा भाग लागू शकतो, तोवर काडी ताशावर पडून उठलेलीही असते. शिवाय तो रोखतो मुख्यतः खालचे सूर, ताशाचे वरचे नाही. कापसाच्या बोळ्यांचाही फार उपयोग होत नाही. दाबून आत बसणारे फोमचे बोळे मिळतात, ते मी भाच्याला आणून दिले. ते त्याने खिशात ठेवले.

आता आई.

आईचं म्हणणं होतं, की घाटात बसलेले दडे सुटलेच नाहीत. मुंबईहून येताना खंडाळ्याच्या चढावर सगळ्यांच्याच कानाला दडे बसतात. वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो, पडद्याच्या आतला तसाच राहतो, आवंढा गिळला की घशाकडे जाणारी नळी उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. हे मिनिटभराचं काम. आईचे दडे मात्र त्या प्रवासानंतर महिनोन्महिने टिकले, मग त्यांची जागा कानातल्या मळाने घेतली, आणि मग "तुम्हीच सगळे तोंडातल्या तोंडात बोलता" या निदानाने. घरात विनोद सुरू झाले. हिला सोयीचं तेवढं ऐकू येतं, असं माझे यजमान म्हणायचे. "ताट आण" म्हटलं की पाट यायचा. मंडईत भाजीवालीने साठ सांगितले की ही सात काढून द्यायची आणि वर म्हणायची, "बरं झालं, स्वस्त झाली." आणि मी आवाज चढवला की, "ओरडतेस कशाला? बहिरी नाहीये मी. ऐकू येतंय सगळं, कळत नाहीये एवढंच."

या शेवटच्या वाक्यात तिने स्वतःचं निदान अचूक सांगितलं होतं. आम्हीच ते भांडण समजून सोडून देत होतो.

डॉक्टरांनी आधी ५१२ हर्ट्झचा नादकाटा वाजवून कानामागच्या हाडावर टेकवला, मग कानासमोर धरला आणि विचारलं, कुठे मोठा वाटतो? आई म्हणाली, समोर. म्हणजे पडदा आणि त्यामागची हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं आपलं काम करताहेत. दडे आणि मळ दोन्ही निकालात निघाले. मग बंद खोलीत ऑडिओमेट्री. तिथली ऑडिओलॉजिस्ट मुलगी म्हणाली, "आजी, पीं असं कितीही बारीक आलं तरी बटण दाबायचं." आईने इमानाने दाबलं. कागदावर रेघ उमटली ती २५० आणि ५०० हर्ट्झला अगदी चांगली, २००० नंतर उतरणीला लागलेली, आणि ४००० ते ८००० मध्ये पार तळाला.

त्या मुलीने आम्हाला तो कागद समजावून सांगितला आणि माझ्या डोक्यात एकदम ढोल-ताशा वाजला. आईला जगातला ढोल ऐकू येत होता आणि ताशा येत नव्हता.

बोलण्याचा दणकटपणा असतो स्वरांमध्ये, आ, ई, ओ यांच्यात, आणि ते बरेचसे खालच्या वारंवारतेत मावतात. शब्द ओळखू येतात ते व्यंजनांवरून, आणि त, प, क, स, श, ठ यांच्या खुणा म्हणजे क्षणभराच्या, क्षीण, वरच्या पट्टीतल्या फुसफुशी. त्या गाळल्या की 'ताट' आणि 'पाट' यांत फक्त मधला 'आ' उरतो. आई तो 'आ' उत्तम ऐकत होती. आम्ही ओरडायचो तेव्हा आणखी मोठा 'आ' ऐकत होती. फोनवर तर तरुण माणसाचेही हाल होतात, कारण जुन्या टेलिफोनने ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला, आणि 'स'ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते. म्हणून पत्ता देताना "सदाशिवातला स" असं सांगावं लागतं. उलट बाजूने मात्र कान चमत्कार करतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झचा, तो त्या पट्ट्यात बसतच नाही, तरी फोनवर काकांचा आवाज काकांसारखाच जाड वाटतो. वरच्या उपसुरांमधली अंतरं पाहून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. खालचा हरवला तर असा भरता येतो. वरचा हरवला की भरायला काही उरत नाही.

वरचे सूरच का जातात, हे कळायला कानाच्या आत जावं लागतं. तीन हाडांच्या पलीकडे शंखासारखी वळलेली, अडीच वेढ्यांची नळी आहे. उलगडली तर साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्यात द्रव, आणि त्यात लांबच्या लांब पडदा. जॉर्ज फॉन बेकेशी हा हंगेरीच्या टेलिफोन खात्यातला माणूस. उत्तम टेलिफोन करायचा तर तो ज्याला जोडायचा तो कान आधी समजला पाहिजे, अशा विचाराने तो मृतांच्या कानांत डोकावला आणि त्याला त्या पडद्यावरून धावणारी लाट दिसली. उंच सुरांची लाट दाराशीच फुगते आणि विरते, खर्जाची लाट पार टोकापर्यंत जाते. १९६१ चं नोबेल त्याला याबद्दल मिळालं. (पुण्यात १९६१ म्हटलं की लाट एकच आठवते, पानशेतची.) म्हणजे ताशाच्या पेशी दाराशी, ढोलाच्या आत खोल. कानात शिरणारी प्रत्येक लाट, कुठल्याही सुराची असो, दाराशी राहणाऱ्यांना तुडवूनच पुढे जाते. वयानेही आधी तिथलीच पडझड होते, गोंगाटानेही.

बेकेशीच्या मृत कानात ती लाट पसरट होती. जिवंत कानात ती कितीतरी धारदार असते, आणि हे गूढ बरीच वर्षं राहिलं. त्याचा उलगडा मला सगळ्यात आवडतो. कानात केशपेशींच्या दोन जाती आहेत. आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार, त्या मेंदूला खबर देतात. बाहेरच्या रांगांमध्ये बारा हजारांच्या आसपास, आणि त्या चक्क नाचतात. विजेच्या इशाऱ्यावर लांब-आखूड होतात आणि पडद्याच्या त्याच जागेला झोका देऊन बारीक आवाज मोठा करतात. १९७८ साली डेव्हिड केम्प यांनी निरोगी कानाच्या नळीत माईक ठेवला आणि कानातून बाहेर येणारा आवाज टिपला. कान ऐकताना स्वतःही गुणगुणतो! आज नवजात बाळाचा कान तपासतात तो हीच गुणगुण ऐकून, बाळाला काही न विचारता.

या नाचणाऱ्या पेशी फक्त बारीक आवाजाला मदत करतात, मोठ्याला त्यांची गरज नसते. त्या गेल्या की बारीक आवाज नाहीसा होतो, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा राहतो. मधली जागा आक्रसते. म्हणून "जरा मोठ्याने बोल" आणि "ओरडतेस कशाला" ही दोन वाक्यं आई एकाच दमात म्हणू शकत होती, आणि दोन्ही खरी होती. आम्ही त्याला तिरसटपणा म्हणत होतो. गेलेल्या पेशी माणसात परत उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात, आमच्या खिडकीत अंडी घालणाऱ्या पारव्यांनाही ही सोय असावी, हा मला निसर्गाचा पक्षपात वाटतो.

आईने कान कशाने घालवले? वयाने, दुसरं काही नाही. ती मिरवणुकीत कधी फारशी गेली नाही. तिचे कान गेली कित्येक वर्षं सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला वाहिलेले. १९५३ पासून चालत आलेला तो महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हा ती रमणबागेत शाल लपेटून पहाटेच्या भैरवीपर्यंत बसायची. रात्री दहाचा नियम आला तो तिने अजून माफ केलेला नाही. आवाजाचा नियम पाहिजेच, पण तो डीजेला लावा, असं तिचं म्हणणं. कायद्याच्या कागदावर निवासी भागाला रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि ती मर्यादा गणपतीत कुठे जाते, हे आमच्या स्टीलच्या डब्यांना विचारावं.

ऐकू कमी येतंय हे तिला ताट-पाटावरून कधी पटलं नाही. पटलं ते तंबोऱ्यावरून. एकदा रेडिओ ऐकताना म्हणाली, "हल्ली तंबोरा गोधडीत गुंडाळून वाजवतात का गं?" तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात तेव्हा तार घोडीच्या उतरत्या पाठीवर घासत स्पंदते आणि उपसुरांचा झोत उठतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं, की पुस्तकी नियमाप्रमाणे जे उपसूर त्या तारेत असूच नयेत, तेही इथे खणखणीत वाजतात. ती सगळी झळाळी वरच्या पट्टीतली. आईला सा कळत होता, पंचम कळत होता, जवारीची धार तेवढी गेली होती. तिच्या कानाचं हे वर्णन ऑडिओग्रामच्या किती आधी तिने करून ठेवलं होतं, हे मला आता कळतं.

कानाचं मशीन आलं. पहिल्या दिवशी आई हैराण. "वर्तमानपत्राचा एवढा आवाज होतो? आणि तुझ्या बांगड्यांचा?" वर्षानुवर्षं न आलेले सूर एकदम आत शिरले की मेंदूला ते आवरायला काही आठवडे लागतात, तेवढे लागले. आताची यंत्रं बारीक आवाज जास्त वाढवतात, मोठा कमी, म्हणजे त्या नाचणाऱ्या पेशींचं काम थोडंफार करतात. पण जिथे आतल्या पेशीही उरलेल्या नाहीत तिथे यंत्राने कितीही आवाज ओतला तरी घ्यायला कुणी नाही. म्हणून आम्हीही काही गोष्टी बदलल्या. मिक्सर चालू असताना बोलायचं नाही, दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, समोर येऊन तोंड दिसेल असं बोलायचं. ओठांवर प दिसतो, त दिसत नाही, एवढ्याने ताट आणि पाट वेगळे होतात.

तंबोऱ्याने मात्र यंत्रालाही चकवलं. घरात इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावला तर तो दोन क्षण झळाळायचा आणि मग हळूहळू मागे सरायचा, मधूनच थरथरायचा. ऑडिओलॉजिस्टकडे गेलो तेव्हा कळलं, की बोलणं सतत बदलत असतं, म्हणून जो आवाज एकसारखा राहतो त्याला यंत्र पंखा समजतं आणि दाबतं. सलग सूर दिसला की आपलीच शिट्टी वाजायला लागली असं समजून तीही कापायला धावतं. तंबोऱ्याचं तर कामच न बदलण्याचं. त्या मुलीने हसत हसत संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला, त्यात या दोन्ही हुशाऱ्या बंद. आईने लावून बघितलं आणि म्हणाली, "पूर्वीसारखं नाही, पण जवारी आहे."

आता अडचण एवढीच, की त्या प्रोग्रॅमवर जायला कानामागचं बटण दाबावं लागतं आणि मुकुंदनगरला सवाईच्या मंडपात शिरायच्या गडबडीत ती ते विसरते. मग आलापी ऐन रंगात आली असताना, स्वतःचा आवाज किती चढलाय याचा अंदाज नसल्यामुळे, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणते, "अगं, तंबोरा का थांबवला यांनी?" आणि मी खाणाखुणा करत तिचं बटण शोधायला लागते.